फ्रेमवरचा लाल टॅग

घरमालक काका गेले तेव्हा बोरसीतल्या आमच्या गल्लीत कोणी फारसं रडलं नाही. मीही नाही. मी जिना उतरून खाली गेले, गॅस बंद आहे का पाहिलं, काकूंना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. मग पाण्याची मोटर सुरू करायला मागच्या अंगणात गेले, तर स्विचला लाल टॅग लटकत होता. ‘चालू करू नये.’ खाली काकांची सही. सकाळपासून आमच्या नळाला पाणी का नव्हतं ते तेव्हा कळलं. दिवसभर माणसं येणार होती, त्यांना पाणी लागणार होतं. मी स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि टॅग कापला. कापताना मागे वळून पाहिलं. ते आत जमिनीवर चादरीखाली होते, तरी पाहिलं.

हे टॅग प्रकरण सांगायला हवं, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

काका प्लांटात, म्हणजे पोलाद कारखान्यात होते. भिलाईत एवढं सांगितलं की पुरतं. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतीतून आलेला मुलगा, आधी मेंटेनन्सला, नंतर बढती मिळून इन्स्पेक्शनला. सगळी नोकरी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून बोरसीत घर बांधलं. खाली ते दोघं, वर भाडेकरू. भाडेकरू म्हणजे मी आणि माझी मुलगी. माझे यजमान बदलीच्या नोकरीत बाहेरगावी. मेंटेनन्समधून काकांनी टॅग आणला आणि इन्स्पेक्शनमधून पिवळा खडू. माणुसकी कुठल्या खात्यात शिकवत नसावेत, असं मी पहिल्या वर्षी म्हणत असे.

मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचला लाल टॅग लावायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. साहेब आला तरी काढणार नाही, मंत्री आला तरी नाही. “आत हात कोनाचा आहे हे लावनाऱ्यालेच ठाऊक असते,” असं ते म्हणत. प्लांटात हे ठीकच आहे. पण काकांनी तो नियम घरात आणला. आमचा गिझर बिघडला तेव्हा त्यांनी तो उघडला, जोडला, टॅग लावला आणि टॅग तसाच ठेवून गोंदियाला लग्नाला निघून गेले. जानेवारीचा महिना. मी फोन केला.

“काका, गिझर झाला का दुरुस्त?”

“झाला ना.”

“मग टॅग काढू?”

“कोनं लावला?”

“तुम्ही.”

“मग मी येऊन काढीन.”

ते येईपर्यंत आम्ही गार पाण्यानं अंघोळ केली. काकू तेव्हा अगदी ठणठणीत होत्या. त्या मला वरून हाक मारायला लावायच्या आणि खालून गरम पाण्याची बादली द्यायच्या. “काय करता बाप्पा,” त्या म्हणायच्या, “माह्या दुधाच्या पातेल्यालेबी टॅग लावते हा माणूस. उतू गेलं का लावलाच.” पण पातेल्याचा टॅग त्यांनीही कधी काढला नव्हता. दूध दुसऱ्या पातेल्यात तापवायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात तो नियम त्यांच्या हाडात शिरला होता.

खडू शर्टाच्या खिशात असे. जिथं खोट दिसेल तिथं पिवळी फुली. माझ्या दाराच्या रंगाला आलेला फुगा, गल्लीतल्या गटाराचं झाकण, ठेल्यावरचं कलिंगड. ठेलेवाला ओरडायचा, “अंकल, अब कौन खरीदेगा इसको?” काका म्हणायचे, “किसी को खरीदना भी नहीं चाहिए.” एकदा त्यांनी माझ्या स्कूटीच्या मागच्या टायरवर फुली मारली. मी पुसली. थोड्याच दिवसांत तो टायर पॉवर हाउसच्या पुलाखाली बसला आणि मला ऑफिसला उशीर झाला. संध्याकाळी काका फाटकात उभे होते. त्यांनी फक्त टायरकडे पाहिलं. बरोबर असणं हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण होता. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

हाच खडू त्यांनी मुलावरही चालवला. मुलगा हुशार होता, पण प्लांटात लागला नाही, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत गेला: फुली. रायपूरची हिंदी बोलणारी मुलगी केली: मोठी फुली. त्या लग्नात काय झालं ते मला फार नंतर कळलं, ते पुढे येईलच. मी राहायला आले तेव्हा बाप-लेकाचं बोलणं दर रविवारच्या फोनपुरतं उरलं होतं. काका विचारायचे, “गाडीची सर्विसिंग केली का?” आणि फोन काकूंकडे द्यायचे.

खोटं मात्र हा माणूस बोलत नसे. कोणाच्या सुनेनं केलेला चिवडा तोंडावर ‘खवट’ म्हणेल, पण खाऊन ‘छान’ म्हणणार नाही. गल्लीत त्यांना लग्नाकार्याची बोलावणी कमी यायची ती यामुळेच.

तर एका सकाळी काका जिना चढून वर आले. तपासणी असल्याशिवाय ते वर येत नसत, म्हणून मी आधी नळ टपकतोय का पाहिलं.

“मॅडम, तुमी परचेसमध्ये आहा ना?”

“हो.” मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी पाहते. प्लांटाला लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो.

“मले एक फ्रेम घ्याची आहे. फोटोची. ते वायरवर चालते अन् पोरगा तिकडून फोटो पाठवते, तशी.”

मला आश्चर्य वाटलं. त्यांच्या घरात टीव्ही होता तो काकूंच्या हट्टानं. मी मोबाईलवर पाच-सहा डिजिटल फ्रेम दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाईल परत दिला.

“हातात घेतल्याशिवाय माल पास नाई होत. परचेसवाल्या आहा अन् चित्र पाहून माल घेता?”

म्हणून रविवारी सुपेल्याच्या बाजारात गेलो. ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर पुढे, मी मागे. निघताना त्यांनी दाराला बाहेरून कुलूप लावलं. खिडकीत काकू उभ्या होत्या.

“काकू नाही येत?”

“तिले बाजार नाई आवडत,” काका म्हणाले. काकूंना बाजार किती आवडायचा ते मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही.

दुकानदाराकडे चार फ्रेम होत्या. दिवाळीला मागवलेल्या, तशाच पडून राहिलेल्या. गिऱ्हाईक आलं म्हणून तो खूश झाला. ती खुशी फार टिकली नाही.

“अंकल, ये देखिए. इसमें सेंसर है. कमरे में कोई नहीं तो अपने आप बंद. बिजली की बचत.”

“आदमी बैठा है, पर हिलता नहीं, तो?”

“तो... तो मशीन समझेगी कि कोई नहीं है.”

“बैठा हुआ आदमी भी आदमी है. रिजेक्ट.”

दुसरी चकचकीत काचेची होती. मला ती बरी वाटली. काकांनी ती खिडकीकडे धरली, तिरकी केली, परत सरळ केली.

“इसमें आदमी दिखता है.”

“अंकल, फोटो की फ्रेम है, आदमी तो दिखेगा ही.”

“फोटो वाला नहीं. देखने वाला. मुँह दिखता है अपना. रिजेक्ट.”

तेव्हा मला त्यांच्या बेडरूममधलं कपाट आठवलं. गेल्या महिन्यात भाडं द्यायला गेले होते, तेव्हा कपाटाच्या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलेलं पाहिलं होतं. काच फुटली असेल, असं मी धरून चालले होते.

“फोटो कितना देर रुकेगा?” काकांनी पुढचं विचारलं.

“पाँच सेकंड, दस सेकंड, जितना आप बोलें. एक के बाद एक, मस्त चलता रहेगा.”

“एक दिन?”

“जी?”

“सुबह से शाम. एक ही आदमी.”

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. “मैडम, अंकल को समझाइए. एक ही फोटो रखना है तो कागज का लगा लें. ये चीज ही इसलिए है कि बदले.”

माझी कामाची सवय जागी झाली. मी त्यांना बाजूला घेतलं. “काका, ही पांढरी प्लॅस्टिकची घ्या. मॅट काच आहे, सेंसर नाही, मागे स्टँड आहे, टेबलावर ठेवा. फोटो किती वेळ ठेवायचा ते मी आत जाऊन सेट करून देते.”

त्यांनी ती हातात घेतली, वजन केलं, खाली ठेवली आणि चौथी उचलली. तीही मॅट काचेची, पण तिला जाड, तपकिरी लाकडी चौकट होती. स्टुडिओत पूर्वी फोटो मढवून मिळायचे, अगदी तशी.

“हे.”

“ही जड आहे, आणि फक्त भिंतीवर लागते.”

“फोटो वाटली पायजे. टीवी नाई. टीवीतल्या मानसाले ती मानूस धरत नाई.”

“ती कोण?”

त्यांनी खिशातला खडू काढला, पाहिला, परत ठेवला. दुकानदार बिल करत होता. काका फ्रेमकडे बघतच बोलले.

“आमच्या घरची. आरशात सोताले पाहून भेते. पोराचं नाव विसरून राहिली. आता चेहराबी चालला. समोर रोज राहिला तं टिकन, म्हनतो मी. पन एका मानसाले सावकाश पाहाले टाइम पायजे तिले. हे पाच-पाच सेकंदात मानसं पळवते, तिले समजनार काय?”

“डॉक्टर?”

“झाले. गोळ्या चालू आहेत.”

“मुलाला सांगितलंत?”

“त्याले कावून सांगू? सांगितलं का दुसऱ्या दिवशी घेऊन जाईन तिले पुन्याले. तिथं कोनाले ओळखनार ते? इथं निदान मले ओळखते.” मग आवाज एकदम कोरडा करून, “तुमीबी सांगाचं नाई.”

म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातल्या चिरा शोधणारा माणूस स्वतःच्या घरातली चीर लपवून बसला होता. रविवारच्या फोनला ते काकूंच्या बाजूला उभे राहून हळूच सांगायचे, “जेवला का म्हन. तब्येत सांभाळ म्हन.” काकू म्हणायच्या. शेवटी ‘बाळा’ म्हणायच्या. त्या तेव्हा सगळ्यांनाच बाळा म्हणायला लागल्या होत्या, दूधवाल्यालासुद्धा.

फ्रेम कुठे लावायची यावरूनही आमचं वाजलं. भिंतीवर उंचावर प्लग पॉइंट घरात एकच होता. काकांच्या आई-वडिलांच्या फोटोंखाली छोटा लाल दिवा जळतो, त्याच्यासाठी काढलेला. फोटोंना हार, कपाळाला कुंकू. काकू रोज सकाळी परसातली फुलं आणून तिथं वाहायच्या. इतर किती गोष्टी गेल्या, पण ते गेलं नव्हतं.

“इथं नको,” मी म्हटलं. “हॉलमध्ये लावा, वायर ओढून घेऊ.”

“लटकती वायर या घरात चालत नाई.”

लावली तिथंच. स्पिरिट लेव्हल धरून, अगदी सरळ, आई-वडिलांच्या रांगेत.

मग सुरू झाली फोटोंची तपासणी. मुलाला मीच कळवलं होतं, बाबांना तुझे फोटो बघायचे आहेत. तो बिचारा खूश झाला असावा, कारण पहिल्याच दिवशी त्यानं भराभर पाठवले. हॉटेलात, किल्ल्यावर, ऑफिसच्या पार्टीत. काका एकेक पाहायचे आणि मला वरून बोलावून उत्तर टाइप करायला लावायचे.

“लिहा. फोटो रिजेक्ट. तोंडावर सावली.”

“काका, असं लिहू?”

“अजून कसं लिहाचं? लिहा. गॉगल काढून पाठव. दुसरा रिजेक्ट, चार मानसं आहेत. तिसरा रिजेक्ट, बाजूनं काढलेला.”

मी जरा मवाळ करून लिहिलं. तरी मुलाचं उत्तर आलं, “बाबा, फोटो आहे का पासपोर्ट?”

“हाव म्हना,” काका म्हणाले. “तसाच पायजे. एकटा, समोरून, मागं काई नको.”

त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. काकूंना गॉगलमधला मुलगा कळत नव्हता. किल्ल्यावरच्या फोटोत त्या किल्लाच बघत बसायच्या. पण मुलाच्या बाजूनं काय होतं? फोटोतसुद्धा बाप आपल्याला नापास करतो, एवढंच. मी म्हटलं, “कारण सांगा त्याला.” ते म्हणाले, “माल पायजे त्याले स्पेसिफिकेशन सांगाचं असते, कारन नाई.”

शेवटी मुलानं रागानंच असेल, खरोखरच तसा फोटो पाठवला. पांढरी भिंत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, केस नीट विंचरलेले, सरळ समोर नजर, हसू नाही. काकांनी चष्मा पुसून पाहिला. जवळून, लांबून, खुर्चीत काकूंच्या जागी बसून.

“पास,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेवढाच एकदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकांनी मला सकाळीच खाली बोलावलं. मुलाला व्हिडिओ कॉल करून भिंतीवरचा फोटो दाखवायचा होता. त्यांचा हात हलायचा म्हणून मोबाईल मी धरायचा. मोबाईल माझ्याच हातात असावा, काकूंकडे जाऊ नये, हाही हिशेब असणार. ते अंगणातल्या खुर्चीत बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगा पडद्यावर आला, मागे सून चहाचा कप घेऊन.

“पाठवला तो लागला का बाबा?”

“लागला. दाखवतो. मॅडम, आत चला, दाखवा त्याले.”

मी मोबाईल समोर धरून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे केला. भिंत आधी मी पाहायला हवी होती. मोबाईलचा पडदा तिकडे वळवल्यावर मी वर पाहिलं, आणि भिंतीवर मुलाच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला होता. लाकडी चौकटीवर तो अगदी बेताचा बसला होता. काचेवर कपाळाच्या जागी कुंकू. खाली उदबत्ती. एका रांगेत तीन फोटो: आजोबा, आजी, नातू. आणि काकू हात जोडून, डोळे मिटून उभ्या.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्या भिंतीवर, तशा चौकटीत, तसा समोर बघणारा, न हसणारा, रोज न बदलणारा फोटो असला की त्याला हार घालायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसा फोटो त्यांच्यासमोर काकांनीच निवडून निवडून आणला होता.

पुण्याहून आधी सुनेचा आवाज आला. “ये क्या है? ये क्या किया है इन लोगों ने?” कप कुठंतरी आपटला.

“बाबा!” मुलगा ओरडला. काका माझ्या मागून आत आले होते. त्यांनी भिंत पाहिली. काकूंना पाहिलं.

“हे कोणी केलं? आईनं घातला हार?”

एक वाक्य पुरलं असतं. तुझी आई आजारी आहे. चार शब्द. मुलगा रात्रीच्या गाडीला बसला असता. मी काकांकडे बघत होते, आणि मला दिसलं की ते चार शब्द त्यांनी तपासले आणि बाजूला ठेवले.

“नाई,” ते म्हणाले. “मी घातला.”

कॉल बंद झाला. काकूंनी डोळे उघडले, आम्हाला पाहून हसल्या आणि फोटोकडे बोट करून म्हणाल्या, “चांगला होता बिचारा. कोनाचा व्हय हा?”

मी त्या दिवशी काकांना खूप बोलले. भाडेकरूनं बोलू नये एवढं बोलले. ते ऐकत होते आणि ओल्या फडक्यानं काचेवरचं कुंकू पुसत होते.

“बापावर राग धरनं सोपं असते,” शेवटी एवढंच म्हणाले. “धरू द्या त्याले.”

याला कोणी त्याग म्हणेल. मी म्हणत नाही. त्यात काकूंना जवळ ठेवायचा स्वार्थ होता, आणि घरातली खोट बाहेर कळू न देण्याची इन्स्पेक्टरची ऐट होती. मुलाला बिचाऱ्याला फुकट मारलं त्यांनी, दुसऱ्यांदा.

दुसऱ्यांदा हे मला मुलाकडूनच कळलं. काकांची बंदी मोडून मी सोमवारी ऑफिसमधून त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“आंटी, तुम्ही मध्ये पडू नका,” तो म्हणाला. “आई कालपर्यंत मला ‘जेवला का बाळा’ विचारत होती. तिला काय झालंय? माझ्या लग्नात सगळ्यांसमोर बाबा काय म्हणाले माहीत आहे? ‘आजपासून तू माह्यासाठी मेला.’ तेव्हा बोलले होते, आता लावून दाखवलं.”

“अरे, ते खोटं बोलले तुझ्याशी.”

“बाबा?” तो हसला. फार वाईट हसला. “बाबा आजवर कधी खोटं बोललेत का? तुम्हीच सांगा.”

जन्मभर खरं बोलून साठवलेली पत त्या माणसानं एका खोट्यावर लावली, आणि ते खोटं ठणठणीत चाललं. त्यानंतर मुलानं माझे फोन उचलले नाहीत. रविवारचा फोनही बंद झाला.

त्यानं फ्रेममधून आपले सगळे फोटो तिकडूनच काढून टाकले. ती मोकळी झाली तशी त्यात कंपनीनं आधीच भरून दिलेली चित्रं सुरू झाली. तळ्याकाठचं गोरं कुटुंब, सोनेरी केसांची मुलगी, कुत्रा. काकू दिवसभर त्या मुलीकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, “आमच्या पोराची आहे का हे? रंगानं गोरीच निघाली.” त्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले तर फ्रेम बंद होती. लाकडी चौकटीला लाल टॅग बांधलेला. ‘चालू करू नये.’ खाली सही.

पुढे वर्षभर काकांनी काकूंना एकट्यानं सांभाळलं. वेणी घातली, भरवलं, हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवलं. कोणी मदतीला गेलं तर दारातून परत पाठवलं. खडू खिशात असायचा, पण फुल्या थांबल्या. काकू त्यांना मात्र शेवटपर्यंत ओळखत होत्या. तेवढं त्यांचं गणित बरोबर आलं. एक गणित मांडायचं राहिलं होतं, की आधी आपण गेलो तर काय. मोटर जोडून झाली आणि टॅग काढायच्या आधीच छातीत दुखलं म्हणून आत येऊन पडले, ते पडलेच.

मुलगा आला. सून आली नाही. अग्नी दिला, पाहुणे आले-गेले. आईनं त्याला पाहून पदर सावरला आणि विचारलं, “कोन गावचे म्हनाव तुमी? चा घेता?” मी स्वयंपाकघरात होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं आधण ठेवलं. सांगायचं ते माझं त्या सोमवारीच ऑफिसमधून सांगून झालं होतं.

तेराव्याच्या सकाळी भिंतीवर लावायला काकांचा फोटो हवा होता. मढवलेला एकही नव्हता. माणूस फोटो काढून घेणाऱ्यातला नव्हता. मुलाच्या मोबाईलमध्ये एक सापडला. क्वार्टरच्या अंगणात स्कूटर पुसताना, समोर बघणारा, न हसणारा. भटजी म्हणाले, चालेल. मुलगा म्हणाला, “ही फ्रेम आहेच, यातच लावतो.” त्यानं स्टूल घेतलं, वर चढला आणि टॅगची दोरी सोडायला हात घातला.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्या एकदम उठल्या, स्टुलाजवळ गेल्या आणि त्याच्या पायावर चापट मारली.

“ओ भाऊ! हात नोका लावू त्याले. आतमंदी कोनाचा हात आहे तुमाले मालूम आहे का?”

“आई, मी...”

“ज्यानं लावला त्यालेच काढा लागते. समजत नाई का एवढं?” मग आवाज उतरवून, पाहुण्याला समजावतात तशा म्हणाल्या, “बसा ना. येतेच आता ते. शिफ्ट सुटतच असन.”

मुलगा स्टुलावर तसाच उभा राहिला. मग त्यानं दोरी सोडून दिली आणि खाली उतरला. बापाचा तेवढा एक नियम त्यानं पाळलेला मी पाहिला.